घाटातला सर्वांत वेगवान माणूस

संपादकांनी फोनवर विषय सांगितला. मोटारशर्यतीतले जुने चालक मोठे की आजचे, आणि सगळ्या काळांतला सर्वांत मोठा कोण, यावर मी दिवाळी अंकासाठी लिहावं. "तुमच्याइतका अधिकार दुसऱ्या कुणाला आहे?" असंही म्हणाले. मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. अधिकार आहे, हे खरं. आमच्या भागातल्या शर्यतींच्या वेळा तीस वर्षं मीच घेतल्या. कोण किती वेगात गेला हे मी सांगायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. पण मी जे लिहिणार आहे ते त्यांना हवं होतं तसं असणार नाही. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

माझा मूळ धंदा घड्याळदुरुस्तीचा. उस्मानपुऱ्यात रस्त्याला लागून दुकान होतं. एक काउंटर, एक भिंग, आणि मागं भिंतीवर दुरुस्तीला आलेली घड्याळं. एका दुपारी शहरातल्या मोटार क्लबचे सचिव अडकलेलं स्टॉपवॉच घेऊन आले. मी ते उघडलं, साफ केलं, आणि देताना सहज बोललो की घड्याळ ठीक आहे, पण दाबणारा अंगठा ठीक आहे का ते बघा. त्यांनी विचारलं, म्हणजे? मी म्हटलं, दोन माणसांना एकच घड्याळ देऊन एकाच गाडीची वेळ घ्यायला लावा, दोन वेगळे आकडे येतील. एक जण गाडी दिसली की दाबतो, दुसरा गाडी गेली की दाबतो. सचिव हसले आणि म्हणाले, मग रविवारी तुम्हीच चला. त्या रविवारचा मी जो गेलो तो तीस वर्षं जात राहिलो.

आमची शर्यत घाटातली होती. घाटाचं नाव लिहीत नाही. खुलताबादच्या पलीकडं डोंगरात आहे, एवढं पुरे. नाव वाचून कुणी तरी गाडी घेऊन तिकडं जाईल, अशी भीती मला आता वाटते. घाटशर्यतीत सगळे एकदम सुटत नाहीत. खाली पुलाजवळ पांढरी रेघ, वर माथ्यावर दुसरी रेघ. रस्ता पोलिसांनी बंद केलेला. एकेक गाडी सोडायची. पुढं पाठलाग करायला कुणी नाही, मागून कुणी येत नाही. चालकाची शर्यत असते ती घड्याळाशी.

वेळ घ्यायची रीत साधी होती. माझ्या टेबलावर दोन घड्याळं आठवडाभर शेजारी ठेवून मी सारखी करायचो. रविवारी एक घड्याळ सचिवांबरोबर खाली जायचं, एक माझ्याबरोबर वर. खाली बरोबर ठरलेल्या मिनिटाला झेंडा पडायचा. वर गाडीनं रेघ ओलांडली की मी वेळ टिपायचो. मग वजाबाकी. पुढं प्रकाशाचा किरण तोडून वेळ घेणारी यंत्रं आली, पण तोवर माझी वजाबाकी हाच कायदा होता.

लोकांना एक गोष्ट खरी वाटत नाही. वेळ घेणारा माणूस शर्यत पाहत नाही. मी तीस वर्षांत एकही गाडी वळणावर घसरताना पाहिली नाही. माझे डोळे रेघेवर. गाडी येताना फक्त कानांना कळायची, आणि समोरून गेली की धूळ. तरी मी चालक ओळखायचो. कोण वळणाआधी पाय काढतो, कोण काढत नाही, हे माथ्यावर उभं राहून ऐकू येतं.

पहिल्या काळातले एक मिर्झासाहेब होते. शहरातली जुनी असामी, पांढरा सदरा, गळ्यात रुमाल, गाडीत अत्तराचा वास. गाडी त्यांच्याइतकीच जुनी, वळणावर कण्हायची. पण त्यांची ऐन भरातली चाल अशी, की इंजिनाचा सूर वर येईपर्यंत एकदाही तुटायचा नाही. एका वर्षी त्यांची वेळ भलतीच जास्त आली. मला वाटलं, गाडी बिघडली. मिर्झासाहेब शांतपणे उतरले, रुमालानं चेहरा पुसला आणि म्हणाले, "क्या करते घडीसाज साहब, बकरी का बच्चा आ गया था. उतर के बाजू किया."

"शर्यत चालू असताना उतरलात?"

"तो क्या उस पे से जाऊँ? रस्ता उसका पहले से है, हमारा तो आज का है."

त्या वर्षी माझ्या कागदावर त्यांचं नाव शेवटचं होतं. मी तेव्हा हसलो होतो. आता वाटतं, सर्वांत मोठा कोण असं कुणी विचारलं तर हेच नाव सांगून मोकळं व्हावं. पण लोकांना ते उत्तर चालत नाही. त्यांना सेकंद लागतात.

सेकंदांचा राजा होता रंगनाथ. सोयगावकडचा, धनगराच्या घरातला. बापाची मेंढरं दिवाळीनंतर डोंगर उतरून चाऱ्यासाठी खाली यायची, त्यांच्यामागं लहानपणी चालत त्यानं हे सगळे घाट पायानं मोजलेले. मोठा झाल्यावर तो वडापची जीप चालवायला लागला. दहा माणसांच्या जीपमध्ये अठरा माणसं घेऊन, दोन मागं लोंबकळत, तो रोज घाट चढायचा. शर्यतीला त्याच जीपमधून यायचा. बाकडी काढून टाकायची, मागचं छत सोडायचं, एवढीच त्याची तयारी. क्लबातले डॉक्टर, कारखानदार, त्यांच्या चकचकीत गाड्या, आणि मध्ये ही जीप. लोक आधी हसायचे. पुढं हसायचं बंद झालं.

मी त्याला एकदा विचारलं, "रंगनाथ, तू वळण कसं घेतोस?"

तो म्हणाला, "मास्तर, मागं अठरा माणसं बसली म्हंजी वळण घ्यावं लागतं. रिकाम्या गाडीत वळण आपसूक येतं."

आता त्या वर्षाबद्दल लिहितो. दसऱ्यानंतरचा रविवार होता आणि त्या साली परतीचा पाऊस लई झाला होता. खालच्या पुलाच्या तोंडाशी रस्त्याचा भराव खचला होता. पूल तसा शाबूत, पण तिथं गाडी उभी करून जोरात सोडणं धोक्याचं. सचिवांनी सकाळी आयत्या वेळी ठरवलं की सुटायची रेघ पुढं, चढावर, मैलाच्या दगडापाशी मारायची. वर माझ्याकडं निरोप आला, "रेघ थोडी पुढं घेतली आहे." मी बरं म्हटलं. माझं काम खालच्या रेघेपासून वरच्या रेघेपर्यंतचं. रेघ कुठं आहे हे बघणं माझं काम नाही, असं मी तेव्हा समजत होतो.

चिठ्ठ्यांत पहिला नंबर रंगनाथचा निघाला. कोरड्या रस्त्यावर तो एकटा गेला. जीप वर आली तेव्हा तिचा आवाज मी ऐकला आहे, तो मी विसरणार नाही. तो उतरला, काही न बोलता बिडी पेटवली. मी वजाबाकी केली. पुन्हा केली. आमच्या घाटात त्याआधी कुणी इतक्या कमी वेळात चढलं नव्हतं. आणि तेवढ्यात पाऊस सुरू झाला. बाकीचे सगळे ओल्या रस्त्यावर गेले. त्यांच्या वेळा नेहमीसारख्याच आल्या. पावसानं जेवढं घेतलं तेवढं पुढं घेतलेल्या रेघेनं दिलं होतं. म्हणून कुणाला संशय आला नाही, आणि रंगनाथ एकटाच सगळ्यांपासून कितीतरी पुढं, एखाद्या देवासारखा उभा राहिला.

मी संध्याकाळी निकालाचा कागद लिहिला. शेऱ्याच्या रकान्यात 'सुटायची रेघ पुढं घेतली' एवढे चार शब्द लिहायचे होते. पावसात कागद ओला होत होता, सचिव घाई करत होते, लोक रंगनाथला खांद्यावर घेऊन नाचत होते. मी ते चार शब्द लिहिले नाहीत. कुठलंही दुष्ट कारण नव्हतं. राहून गेलं. पुढच्या वर्षी रेघ पुन्हा पुलाजवळ गेली आणि रंगनाथची वेळ तशीच वर राहिली.

लक्षात आलं तेव्हा लिहिता आलं असतं. पण तोवर रंगनाथ मोठा झाला होता. वर्तमानपत्रात फोटो आला होता. पुढच्या काही वर्षांत घाटातल्या शर्यतीची परवानगीच मिळेना, शर्यती बंद पडल्या, आणि ती वेळ कायमची झाली. रंगनाथला साखरेच्या आजारानं धरलं, एक पाय गुडघ्याखाली गेला, जीप गेली. तो सोयगावला घरासमोर खाटेवर बसून असायचा आणि येणारा-जाणारा दाखवायचा, हाच तो. त्याच्याजवळ तेवढंच उरलं होतं. आता ते काढून घ्यायचं? मी स्वतःला हे सांगत राहिलो, आणि त्यात दया किती आणि आपली चूक झाकणं किती, हे तपासायचं टाळत राहिलो. उलट कार्यक्रमात कुणी बोलायला लावलं की मीच सांगायचो, असा चालक पुन्हा होणे नाही.

ओंकार माझ्या दुकानात आला तो हे ऐकूनच. आमच्याच गल्लीतला. कुटुंब गंगापूरकडचं, गावाकडं ऊस, वडील भगवानराव आठवड्यातून दोनदा एसटीनं जाऊन शेती बघून येत. ओंकार एका कारखान्यात इंजिनिअर होता. सव्वीस-सत्तावीसचा, चष्मा, हळू आवाज. गाडी चालवायला तो शिकला तो घरात. खुर्ची, समोर पडदा, हातात स्टिअरिंग, पायाशी पेडल. मी पहिल्यांदा ते बघून म्हटलं, हा तर पोरखेळ. मग त्यानं मला मागं बसवून खऱ्या गाडीतून शहराबाहेर नेलं. मी डोळे मिटून बसलो होतो. इंजिनाचा सूर एकदाही तुटला नाही. मिर्झासाहेबांनंतर तसं मी कुणाचं ऐकलं नव्हतं.

त्याला एकच नाद होता. वेगवेगळ्या काळांतले चालक एकमेकांशी ताडून बघायचे. जगातल्या मोठमोठ्या विजेत्यांबद्दल तो तासन् तास बोलायचा. "काका, नुसते विजय मोजून उपयोग नाही. पूर्वी वर्षाला थोड्या शर्यती, आता कितीतरी जास्त. पूर्वी गाडी मध्येच बंद पडायची, आता पडत नाही. पूर्वीचे चुकले की मरायचे. आजचा चुकतो, उतरतो आणि चालत परत येतो. मग ताडायचं कसं?"

"कसं?"

"सोबत्याशी. एका संघाच्या दोन सारख्या गाड्या असतात. दोघांत कोण पुढं, ते बघायचं. मग त्या सोबत्याचा दुसऱ्या वर्षीचा सोबती. असं एकाला एक जोडत मागं जायचं. साखळी तयार होते."

"आणि मेले त्यांचं काय करतोस?"

"त्यांचं काही करता येत नाही. साखळी तुटते."

त्यानं आमच्या घाटाचीही अशी साखळी करायला घेतली. मी माझे जुने निकाल काढून दिले. मला अभिमान वाटत होता, खोटं कशाला बोलू. माझे पिवळे कागद कुणी इतक्या मनापासून वाचतं आहे. महिन्याभरानं तो लॅपटॉप घेऊन आला. काउंटरवर ठेवून म्हणाला, "काका, सगळं बसलं. टायर, इंजिन, रस्ता, सगळं धरून प्रत्येकाची जागा ठरली. फक्त एक आकडा कशातच बसत नाही. रंगनाथकाकांचा. त्यांच्याच इतर वर्षांच्या वेळा बघा आणि ही बघा. त्या दिवशी काही वेगळं होतं का?"

"पाऊस होता. पण तो त्याच्यानंतर."

"मग घड्याळ चुकलं असेल का?"

हा प्रश्न त्यानं वेगळ्या शब्दांत विचारला असता तर मी वेगळं उत्तर दिलं असतं, असं मी स्वतःला अनेकदा सांगितलं आहे. माझ्या दुकानात, माझ्या काउंटरवर, माझ्या घड्याळाबद्दल तो विचारत होता. मी भिंग डोळ्याचं काढलं आणि म्हणालो, "माझं घड्याळ चुकत नाही."

ते खरं होतं. घड्याळ चुकलंच नव्हतं. रस्ता कमी होता. मला ते माहीत होतं, आणि मी एक खरं वाक्य बोलून खोटं बोललो.

ओंकारनं मान डोलावली. त्याचा माझ्यावर विश्वास होता. "म्हणजे माणसाला हे शक्य आहे," तो म्हणाला. "मग कसं शक्य आहे ते शोधलं पाहिजे."

त्यानं जीप शोधली. रंगनाथची होती त्याच साच्याची, तितकीच जुनी. सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरून सुटे भाग आणले, टायरसुद्धा जुन्या जातीचे मिळवले. मी विचारलं, तुझ्या चांगल्या गाडीत काय वाईट आहे? तो म्हणाला, "काका, जुन्या माणसाला आजच्या गाडीत बसवता येत नाही. आजच्या माणसाला जुन्या गाडीत बसवता येतं. एवढा एकच प्रयोग शक्य आहे. गाडी सारखी, रस्ता सारखा. मग उरतो तो फक्त माणसामाणसातला फरक."

"पट्टा तरी बसवून घे."

"रंगनाथकाकांकडं नव्हता." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "हेल्मेट घालतो की."

रविवारी पहाटेनंतर, रस्त्यावर वाहन नसताना, खाली-वर एकेक मित्र उभा करून तो घाट चढायचा. हे बेकायदा होतं, मला कळत होतं. मी त्याला रागावलोही. पण प्रत्येक सोमवारी तो कितीत गेला हे ऐकायला मी दुकान लवकर उघडत होतो. हेही लिहिलं पाहिजे.

एका सोमवारी तो आला तो उभाच राहिला. "सहा सेकंद, काका. फक्त सहा सेकंद राहिले." फोनवरची नोंद दाखवली. पुलापासून, पूर्ण अंतर, आजवरच्या सगळ्यांपेक्षा कमी, रंगनाथ सोडून. तो चहा प्यायला, वळणं हातांनी दाखवत राहिला, आणि मी मनात हिशोब करत होतो. पुलापासून मैलाच्या दगडापर्यंतचं अंतर जीपला चढायला दहा सेकंद तरी लागतात. म्हणजे हा पोरगा रंगनाथच्या पुढं गेला होता. हा आमच्या घाटातला सर्वांत वेगवान माणूस होता, आणि ते जगात फक्त मला माहीत होतं.

शब्द ओठांवर आले होते. पुढच्या महिन्यात क्लबच्या जुन्या लोकांनी मेळावा ठरवला होता, रंगनाथचा सत्कार होता, त्याला सोयगावहून गाडीनं आणायचं होतं. म्हटलं, तो कार्यक्रम होऊन जाऊ द्या. मग ओंकारला एकट्याला बसवून सांगू. मी म्हटलं, "सहा सेकंद म्हणजे काही कमी नाहीत."

"कमी करतो," ओंकार म्हणाला.

पुढच्या रविवारी सकाळी त्याच्या मित्राचा फोन आला. वरून तिसऱ्या वळणावर जीप कठड्याला लागून उलटली होती. समोरून कुणी आलं नव्हतं, कुणाची चूक नव्हती. त्यानं त्या वळणावर पाय काढला नव्हता, एवढंच. तो जीपबाहेर फेकला गेला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मी पोचलो तेव्हा भगवानराव बाकावर बसले होते. त्यांनी मला बघितलं आणि शेजारी जागा करून दिली. मी बसू शकलो नाही.

तेराव्यानंतर चार-पाच दिवसांनी ते दुकानात आले. हातात ओंकारची वही. काउंटरवर ठेवून म्हणाले, "मास्तर, मला गाड्यातलं काय कळत नाय. तुम्ही वेळ घेणारे. एकच सांगा. त्यो जिंकला असता का?"

मी म्हणालो, "भगवानराव, तो आधीच जिंकला होता."

त्यांना समजलं नाही. त्यांना वाटलं, मी धीर देतोय. मग मी सगळं सांगितलं. भराव खचला, रेघ पुढं घेतली, चार शब्द राहिले, घड्याळाचा प्रश्न, सहा सेकंदांचा सोमवार. मध्ये त्यांनी एकदाही अडवलं नाही. शेवटी विचारलं, "सोमवारी तुम्हाला ठावं होतं?"

"होतं."

"सोमवारी."

"हो."

मला वाटलं ते मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी वही उचलली, उलटी करून धूळ झटकली आणि निघून गेले.

मेळावा अर्थातच झाला नाही. मी क्लबच्या जुन्या लोकांना भेटून सांगितलं की रंगनाथची वेळ रद्द करा. सचिव आता थकलेत, पण आठवण शाबूत. त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, "आता कशाला? एक गेला. दुसऱ्याला जिवंतपणी कशाला मारता? आणि ओंकारची वेळ आपण धरूच शकत नाही. फोनवर घेतलेली, चालू रस्त्यावरची. नोंदवायची कशी?" त्यांचं बरोबर होतं. नियमांप्रमाणं ओंकारची वेळ नाहीच. माझ्या कागदांत त्याचं नाव कुठंही नाही.

मग मी एसटीनं सोयगावला गेलो. रंगनाथ खाटेवर बसला होता. मला बघून हरखला, सुनेला हाक मारून चहा सांगितला. ओंकारचं त्याला कळलं होतं. ते पोरगं त्याला दोनदा भेटायला येऊन गेलं होतं, वळणं विचारायला.

मी म्हटलं, "रंगनाथ, तुझ्या त्या वर्षी रेघ पुलाजवळ नव्हती."

"व्हय. दगडापाशी व्हती," तो लगेच म्हणाला. "मीच तर गाडी लावली तिथं."

"तुला माहीत होतं?"

"माहीत म्हंजी? डोळ्यानं बघितलं की. पन मला वाटलं, तुमी त्येवढं धरलं आसंल हिशोबात. तुमी घड्याळवाले. तुमचं कसं चुकंल?"

मी सांगितलं की धरलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्याच्या मनात कधी शंकासुद्धा आली नव्हती, कारण कागद माझ्या हातचा होता. त्यानं ओंकारला वळणं सांगितली होती ती मनापासून. रेघेचं सांगायचं त्याला सुचलंही नाही. सगळ्यांना ठाऊकच आहे, असं तो धरून चालला होता.

त्यानं विचारलं, "मंग मी कितवा?"

ओंकारची साखळी मला पाठ होती. "चौथा. फार तर पाचवा."

"चवथा." त्यानं उरलेल्या पायावरचं धोतर सारखं केलं. "चवथा बी वाईट नाय." आणि तोंड भिंतीकडं केलं. सून चहा घेऊन आली तेव्हा दोघांपैकी कुणी कप उचलला नाही. नंतर तिच्याकडून कळलं, आता कुणी बघायला आलं तर तो आत जाऊन पडतो.

असे दोन माणसांचे दोन शेवट मी माझ्या हातानं केले. दुकान बंद केलं. डोळे चालत नाहीत असं लोकांना सांगतो. डोळे चालतात. पण कुणी घड्याळ पुढं करून "नीट चालतंय ना?" असं विचारलं की मला उत्तर देववत नाही.

या वर्षी वर्षश्राद्ध झाल्यावर भगवानराव घरी आले. त्या दुकानातल्या दिवसानंतर पहिल्यांदाच. उंबऱ्यातूनच म्हणाले, "मास्तर, ती जागा दाखवा मला. पूल आणि दगड. दोन्ही."

आम्ही एसटीनं गेलो, फाट्यावर उतरलो आणि चालत पुलापाशी आलो. दुपार टळत होती. एक ट्रॅक्टर खडी घेऊन वर गेला, मग रस्ता मोकळा. भराव केव्हाच दुरुस्त झालेला, त्यावर गवत. मी पुलाच्या तोंडाशी उभा राहून सांगितलं की रेघ इथं असायची. त्यांनी खाली बघितलं, चप्पल त्या जागी नीट जुळवून ठेवली आणि चालायला लागले. मी मागं. ते हलक्या आवाजात पावलं मोजत होते, शेताची हद्द मोजतात तसं, न चुकता, न थांबता. एकदा दम लागला तेव्हा उभे राहिले, पण आकडा तोंडात धरून ठेवला. चढ तिथं फारसा नाही. उजव्या हाताला सीताफळीची झुडपं आहेत. आम्हाला तीन मिनिटंही लागली नसतील.

मैलाचा दगड आला तेव्हा ते दोनशे चौदावर होते. मी म्हटलं, हाच. त्यांनी दगडावर हात ठेवला आणि मागं वळून बघितलं. पूल समोर दिसत होता, त्याच्या कठड्यावर बसलेला कावळासुद्धा दिसत होता.

"एवढंच?" भगवानराव म्हणाले.